समन्स नाकारल्याने दावा टळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्ज थकले की माणूस सावकारापेक्षा कोर्टाचे समन्स घेऊन येणाऱ्या बेलिफाला जास्त घाबरतो. मग दार उघडायचे नाही, ‘साहेब गावाला गेलेत’ असे मुलांकडून सांगायचे, टपालाचे पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत पाठवायचे, असे सुरू होते. यातून कर्जदाराचेच सर्वांत मोठे नुकसान होते. कायद्याने नकार म्हणजे बजावणीच. बेलिफ समन्सची प्रत दाराला डकवतो, कोर्टात तसा अहवाल देतो आणि दावा एकतर्फी चालतो. पगारातून कपात सुरू झाल्यावर धावपळ होते खरी, पण रीतसर बजावणी झालेली असेल तर एकतर्फी हुकूमनामा (दाव्यातला कोर्टाचा निकालाचा आदेश) रद्द करून मागण्याची मुदत हुकूमनाम्यापासून फक्त ३० दिवस असते आणि ती तोवर उलटून गेलेली असते.

समन्स घ्यावे, मिळाल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी आणि दावा कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहावे. साध्या दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस असतात, कोर्ट ते ९० पर्यंत वाढवू शकते. समन्सवर दिवाणी प्रक्रिया संहितेचा ‘आदेश ३७’ लिहिलेला असेल तर तो समरी, म्हणजे झटपट चालणारा दावा. वचनचिठ्ठी, धनादेश किंवा लेखी करारावरच्या वसुलीसाठी तो बऱ्याचदा लावतात. त्यात नुसती हजेरी नोंदवायलाच १० दिवस मिळतात. हजेरी नोंदवली की वादीकडून दुसरा कागद येतो, तो निकालासाठीचा समन्स. घोटाळा होतो तो इथे. दावा क्रमांक तोच, नावे तीच, म्हणून लोक त्याला जुन्या समन्सचीच प्रत समजतात आणि फायलीत लावून टाकतात. प्रत्यक्षात हा दुसरा समन्स मिळाल्यापासून पुन्हा १० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही तर वादीला थेट हुकूमनामा मिळतो. उशिराला सबळ कारण असेल तर कोर्ट तो माफ करू शकते, पण कारण कागदानिशी दाखवावे लागते.

प्रतिज्ञापत्रात ‘परिस्थिती बिकट आहे’ एवढेच लिहून भागत नाही. ती अडचण झाली, बचाव नव्हे. आपला बँकेचा उतारा आणि वादीने जोडलेला खातेउतारा शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी. भरलेला हप्ता जमा धरला आहे का? व्याज कराराच्या दरानेच लावले आहे का? दंड कशाच्या आधारे? शेवटच्या लेखी व्यवहाराला तीन वर्षे होऊन गेली आहेत का? बचाव इथून निघतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : समरी दाव्यात जेवढी रक्कम तुम्ही मान्य कराल, तेवढी कोर्टात भरल्याशिवाय बचावाची परवानगी मिळत नाही.

सगळेच देणे खरे असेल तर खोटा बचाव रचू नये. कोर्टाला हप्ते बांधून मागावेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम ११ मध्ये ती सोय आहे. निकालाच्या वेळी मागितले तर कोर्ट सबळ कारणावरून हप्ते देऊ शकते; निकालानंतर वादीची संमती लागते आणि अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. म्हणून निकालाच्या दिवशी हजर राहणे मोलाचे. सोबत पगारपत्रक, घरभाडे, औषधे, शाळेची फी यांचा हिशेब असावा. लोकअदालतीत तडजोड करतानाही हाच हिशेब समोर ठेवावा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, आणि ‘एक हप्ता चुकल्यास संपूर्ण रक्कम एकदम देय’ हे कलम बहुधा असतेच. झेपेल तोच आकडा बोलावा.

हुकूमनामा झाला म्हणजे घर धुऊन नेतात, हा समजही खरा नाही. संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि भविष्य निर्वाह निधी यांना हात लावता येत नाही. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. पगार ३१,००० असेल तर जप्ती जास्तीत जास्त १०,००० ची, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच. दिवाणी कैदेचेही तसेच. ऐपत असून न देणाऱ्यासाठी ती आहे. केवळ पैसे नाहीत म्हणून कैद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले आहे. मात्र दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात) कारणे दाखवा नोटीस आली की हजर राहून उत्पन्न दाखवलेच पाहिजे.

दोन प्रकरणे वेगळी आहेत. धनादेश न वटल्याचा खटला फौजदारी असतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास तक्रार होते, शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते आणि गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते. पतसंस्थेची वसुली बहुतेक वेळा कोर्टात जातच नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक कार्यालयातून वसुली दाखला निघतो. तिथली नोटीस ‘ऑफिसातला कागद’ म्हणून दुर्लक्षिली जाते. दाखला निघाल्यावर फेरतपासणी मागायची तर ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. जे म्हणायचे ते १०१ च्या सुनावणीतच, लेखी, पोच घेऊन म्हणावे.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘कोर्ट नोटिसा’ही खूप वाढल्या आहेत. खऱ्या प्रकरणाला १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून पाहावा.

न्याय प्रशासनाला एक विनंती. समरी दाव्याच्या दोन्ही समन्सना ठळक मराठी चिठ्ठी जोडावी : हजेरी किंवा अर्जाची शेवटची तारीख आणि तालुका विधी सेवा समितीचा फोन क्रमांक. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना या समितीकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, पण समन्स हातात पडते तेव्हा हे सांगायला तिथे कोणी नसते.

आपला,
दिवाणी कोर्टात काम करणारा एक वाचक, सांगली