छापील गोळी: मेसालामिन नको, आधी अ‍ॅझाथायोप्रिन

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या जुनाट आजारांसाठी प्रत्येक रुग्णाला त्याच्या मापाची गोळी प्रिंटरवर छापून देता येईल, असे अलीकडे वरचेवर वाचायला मिळते. यंत्राचे कौतुक होते, पण त्यात कोणते औषध भरायचे हा खरा प्रश्न बाजूलाच राहतो.

कोल्हापूरला हे तंत्र तसे परके नाही. भुकटीचा पातळ थर पसरायचा, हवे तिथेच बाइंडरचे, म्हणजे भुकटी चिकटवणाऱ्या द्रवाचे, थेंब सोडायचे, त्यावर पुन्हा थर. फौंड्रीसाठी वाळूचे कोर छापणारी यंत्रे हेच करतात. अमेरिकेतल्या एमआयटीला या पद्धतीचे पेटंट १९९३ साली मिळाले आणि सुरुवातीच्या उपयोगांत ओतकामाचे सिरॅमिक साचे होते. त्याच पद्धतीने छापलेली फेफऱ्यावरची लेव्हेटिरासिटामची गोळी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये मंजूर केली. मात्र ती कारखान्यात, ठरावीक ताकदीत निघते. रुग्णाच्या मापाने नव्हे.

आतड्याच्या आजारात सर्वांत आधी नाव निघते आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामिनचे, आणि छपाईला तेच सर्वांत गैरसोयीचे. मोठ्या माणसाचा दिवसाचा डोस २.४ ते ४.८ ग्रॅम. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी औषध मुरवलेली पॉलिमरची तार, म्हणजे फिलामेंट, २१० अंश सेल्सिअसला वितळवून गोळ्या छापल्या. मेसालामिन त्या उष्णतेत टिकले. त्याच्याच जवळचे ४-एएसए हे औषध मात्र निम्म्याच्या आसपास नासले. शिवाय मुरवून तारेत शिरलेले औषध एक टक्क्याहूनही कमी. एक टक्का धरला तरी २.४ ग्रॅमसाठी २४० ग्रॅम तार गिळावी लागेल! औषध पॉलिमरमध्येच मळून तार काढली आणि प्रमाण ३० टक्क्यांवर नेले, तरी रोजचा ऐवज आठ ग्रॅम होतो. मेसालामिनच्या तयार गोळ्या आणि सॅशे बाजारात आहेत, ते पुरे.

तारेची दुसरी अडचण आपल्या हवेची. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखे पॉलिमर ओल ओढून घेतात. जुलैत इथे भिंतींना पाझर फुटतो, तेव्हा उघड्यावर राहिलेली तार गरम नोझलमध्ये शिरताच आतल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे उठतात, गोळी सच्छिद्र आणि हलकी निघते. ओल्या वाळूत धातू ओतल्यावर ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, का पडतात हे उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांना सांगायला नको, कारण तेच. आणि तारेचा व्यास १.७५ मि.मी.ऐवजी १.६५ भरला तर, माल व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात जात असल्याने, गोळीत औषध ११ टक्के कमी पडते. डोळ्याला हा फरक कळत नाही.

मग छापायचे काय? अ‍ॅझाथायोप्रिन. शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारे हे औषध. याचा डोस वजनावर ठरतो, साधारण किलोमागे २ ते २.५ मि.ग्रॅ., आणि गोळ्या मिळतात प्रामुख्याने २५ आणि ५० मि.ग्रॅ.च्या. त्यातच एनयूडीटी१५ या जनुकातला बदल भारतीयांत टीपीएमटी या दुसऱ्या जनुकातल्या बदलापेक्षा अधिक आढळतो. तो असणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसने धोकादायक घसरू शकतात, म्हणून डोस कमी ठेवावा लागतो. १८ किलोच्या मुलाला किलोमागे २ प्रमाणे ३६ मि.ग्रॅ. लागतील, जनुकाची एक प्रत बदललेली असेल आणि डॉक्टरांनी निम्म्यावरून सुरुवात ठरवली तर १८. हे १८ कुठून आणायचे? ब्लेडने पन्नासची गोळी चिरली तर तुकडे असमान पडतात आणि पेशींना घातक असलेली धूळ स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उडते. उलट प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा डोस आठवड्याला पाच-पाच मि.ग्रॅ.ने उतरवायला प्रिंटर लागत नाही, पाचच्या गोळ्या त्यासाठीच आहेत.

यासाठी तार नको, सिरिंजमधून दाबून छापायची पेस्ट हवी. हिशेब असा: ओल्या पेस्टमध्ये औषध सहा टक्के ठेवले की ३०० मि.ग्रॅ.च्या तुकड्यात, म्हणजे एका ओल्या गोळीत, १८ मि.ग्रॅ. येते. महिन्याच्या ३० गोळ्यांसाठी ४० तुकड्यांची, म्हणजे १२ ग्रॅम पेस्ट घ्यावी. त्यात औषध ७२० मि.ग्रॅ. जादा दहांपैकी काही सुरुवातीच्या चाचणीत जातात, काही प्रयोगशाळेत, उरलेला माल सिरिंज आणि नोझलमध्ये अडकतो. औषध बंदिस्त कपाटातच तोलायचे, १०० मेशच्या बारीक चाळणीतून काढायचे, मॅनिटॉल आणि मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज या भरीच्या भुकट्यांमध्ये थोडेथोडे वाढवत मिसळायचे आणि एचपीएमसी या घट्टपणा देणाऱ्या पॉलिमरच्या जेलमध्ये मळायचे. एकदा ओले झाले की धूळ संपली. ०.६ मि.मी. नोझलमधून छापून ४० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे. निम्मे पाणी असेल तर वाळलेला तुकडा १५० मि.ग्रॅ.च्या आसपास भरतो. भारतीय फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथात, या वजनाच्या गोळीला साडेसात टक्के कमी-जास्तीची सवलत आहे, म्हणजे सुमारे १३९ ते १६१ मि.ग्रॅ.

इथे एक फसवी चूक होते. पेस्ट सैल असेल तर दाबाखाली पाणी आधी निघते आणि घन भाग मागे साचतो. पहिल्या तुकड्यांत औषध कमी, शेवटच्यांत जास्त, आणि ओले वजन मात्र सर्वांचे सारखेच. फक्त ओले तुकडे तोलणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन तुकडे औषधाच्या प्रमाणासाठी तपासलेच पाहिजेत. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर एखादाच तुकडा हलका पडतो. तो तराजूवर सापडतो. दट्ट्या थांबल्यावरही पेस्ट ओघळत असेल तर पुढचा तुकडा जड होतो. त्यावर दट्ट्या किंचित मागे घेणे हा उपाय.

मोठ्या आतड्यातच उघडणारे कवच छापण्याच्या गोष्टी आज घाईच्या आहेत. पीएच ७ च्या वर विरघळणारे पॉलिमर असले तरी छापील थरांच्या फटींतून जठरातले आम्ल आत शिरते. शिवाय क्रोन्सच्या रुग्णाचे आतडे अरुंद झालेले असेल तर न विरघळलेले टणक कवच तिथेच अडकू शकते.

ब्रिटनने दवाखान्यातच, रुग्णाजवळ औषध बनवण्यासाठी स्वतंत्र नियम केले, ते जुलै २०२५ पासून लागू आहेत. आपल्याकडे १९४५ चे औषध नियम प्रिस्क्रिप्शनवरून नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली मिश्रण करू देतात, पण ते खल-बत्त्याच्या काळाचे आहेत. पेस्टची नोंद, तुकड्यांची तपासणी, यंत्र धुतल्यावर उरलेल्या औषधाची मोजणी, यांचे नियम हवेत. अ‍ॅझाथायोप्रिनचे यंत्र दुसऱ्या कोणत्याही औषधाला वापरू नये, हे तर पहिल्या ओळीत लिहावे.

सीपीआरसारखे सरकारी रुग्णालय, शहरातली फार्मसी महाविद्यालये आणि स्टेनलेस स्टीलचे नोझल फिरवून देणारे उद्यमनगर, तिन्ही इथे काही किलोमीटरच्या आत आहेत. त्यांनी औषधाविना कोऱ्या पेस्टवर चाचणी घ्यायची ठरवलीच, तर ती एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत घेऊ नये. जुलैत घ्यावी.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक अध्यापक,
राजारामपुरी, कोल्हापूर