म्हातारचळ म्हणण्याआधी दिवा लावून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चतुर्थी जवळ आली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीत घरोघरी रंगकाम निघतं, चाकरमानी येतात, सामान हलतं. नेमकं त्याच दिवसांत आजीला ‘काही सुधरत नाही’ अशी तक्रार सुरू होते. बऱ्याचदा बिघाड आजीपेक्षा मांडणीत जास्त असतो.

उतारवयात आठवणीचं पुष्कळसं काम सवय करते. चष्मा कोनाड्यात, काठी दाराच्या उजव्या अंगाला, औषधं फळीवर; हात आपसूक तिथे जातो. जागा बदलली की नवी लक्षात ठेवावी लागते, आणि वयाबरोबर तेच जड जातं. मखरासाठी जागा करताना या तीन वस्तू आणि खाटेपासून न्हाणीघरापर्यंतची वाट तेवढी हलवू नका. त्या वाटेत लायटिंगची वायरही नको.

नजरेकडे मात्र कुणाचं लक्षच नसतं. बाहुली आकसते, भिंग पिवळट होतं. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उजेड पोचतो. डोळे तपासायच्या तक्त्यावरची काळी अक्षरं वाचता आली तरी फिक्यावरचं फिकं ओळखू येत नाही. नव्या पांढऱ्या टाइल्समध्ये पांढरा कमोड हरवतो. पांढऱ्या ताटातला भात अर्धा राहतो आणि ‘जेवण कमी झालंय’ म्हणून टॉनिक आणलं जातं. केळीच्या पानावर वाढून बघा, शितं दिसतात. काळं पायपुसणं खड्ड्यासारखं भासतं, चकचकीत लादी ओली वाटते, आणि पाऊल अडतं.

पायरीच्या कडेला दोन इंची पिवळा पट्टा फार उपयोगी, पण आत्ता नको. ओल्या चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) ऑइलपेंट धरत नाही, पापुद्रे सुटतात. ते काम मे महिन्यात, चिरा तारेच्या ब्रशने घासून, पूर्ण सुकल्यावर. सध्या शेवाळ खरवडा आणि दिवा पावलांच्या उंचीला लावा. पाठीमागच्या दिव्याने स्वतःचीच सावली पायरीवर पडते.

मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याच्या आजाराने नजर अधू झालेल्या काहींना खळ्यात (घरापुढच्या अंगणात) माणसं, मुलं, नक्षी दिसते. आवाज मात्र येत नाही. डोळ्यांकडून न मिळालेलं चित्र मेंदू स्वतः भरतो. जिनिव्हाच्या चार्ल्स बॉनेट यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांचा असा अनुभव नोंदवला, म्हणून त्यांचंच नाव या प्रकाराला आहे. आपल्याकडे लगेच राखणदाराचं, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचं, नाव निघतं. गाऱ्हाणं खुशाल घाला, पण डोळेही तपासा. तूर्त दिवा लावणं, नजर डावी-उजवीकडे फिरवणं एवढ्यानेही काही वेळा चित्र विरतं. दिसलेलं खरंच मानलं जात असेल, चाल मंदावली असेल, शुद्धीत रोज चढउतार असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडेच जायला हवं, मग कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागलं तरी.

घरी करता येण्याजोगी एक तपासणी: वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन बघायला सांगा. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधला चौकोन गायब झाला, तर लांबणीवर टाकू नका. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकून टाकतो.

विसरण्यातला धोकादायक प्रकार म्हणजे गोळी घेतल्याचं विसरून पुन्हा घेणं. मधुमेहाच्या काही गोळ्या दुप्पट झाल्या तर साखर उतरते आणि माणूस आणखी गोंधळतो. सात दिवसांची, सकाळ-रात्र कप्प्यांची डबी एकानेच आठवड्यातून एकदा भरावी. दोघं भरतात तिथे चुका होतात. कॅलेंडरवर खूण गोळी गिळल्यावर, आधी नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायला ओट्यावर तीन चिंचोके ठेवा, शिट्टीगणिक एक बाजूला.

विसराळूपणा महिनोन्‌महिने वाढत असेल तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ विशेषकरून. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही डोकं जड होतं, तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. एक-दोन दिवसांत अचानक आलेलं भ्रमिष्टपण वेगळं: लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं, पक्षाघात. तिथे त्याच दिवशी दवाखाना.

चाकरमान्यांना एकच विनंती. फळी, कोनाडा हलवावाच लागला तर आधी मोबाइलवर फोटो काढा आणि परतीची गाडी पकडण्यापूर्वी त्यात बघून सगळं होतं तसं लावून जा.

आपल्या,
ज्येष्ठांच्या नजर व स्मृतीच्या तक्रारींवर काम करणाऱ्या दोघी,
कुडाळ