कॉम्प्युटर दान दिले, पण सॉफ्टवेअरचं बिल कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पंचवटीतल्या एका अनुदानित शाळेत शिकवते. आमच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर खाली कोपऱ्यात 'अॅक्टिव्हेट विंडोज' असं फिकट दिसतं, म्हणजे विंडोजचं लायसन्सच नाही, मुलांना तर तो वॉलपेपरचाच भाग वाटतो. पण चाचणीचा पेपर सेट करायला बसले तर वर्डने वर लायसन्स नसल्याची लाल पट्टी दाखवली, फाइल उघडतेय पण टाइपच होईना, शेवटी मिस्टरांचा लॅपटॉप आणला तेव्हा कुठे पेपर गेला.

हे कॉम्प्युटर दान आलेले. श्रीफळ झालं, फोटो झाले, दुकानातला पोरगा पेनड्राइव्हवरून सगळं टाकून "मॅडम फुल लोडेड दिलंय" म्हणून निघून गेला. बिलात कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस सगळं आहे, सॉफ्टवेअरची ओळच नाही. वरिष्ठांना विचारलं तर म्हणे धर्माची गाय, दात कशाला मोजायचे! आता कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब वाचा, माहीत असून पायरेटेड, म्हणजे चोरीचं, सॉफ्टवेअर वापरलं तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून 50 हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, पण तो तरी भरायचा कोणी?

बरं, फुकट आणि कायदेशीर आहे की. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस 365 ए1 पॅकेज शाळांना मोफत आहे, पण नोंदणी शाळेच्या नावाने करावी लागते आणि वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्येच चालतं, आमच्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडे नेटचीच बोंब तिथे काय करणार? लिबरऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखंच पण फुकट सॉफ्टवेअर, त्याला नेट लागत नाही, मेनू मराठीत करता येतो, कितीही मशीनवर टाका, मुलांना पेनड्राइव्हवर घरी द्या, तरी चोरी नाही. केरळात 2001 ला शाळांमध्ये कॉम्प्युटर शिक्षणाचा आयटी अॅट स्कूल हा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि तिथल्या सरकारी शाळा पुढे विंडोज सोडून फुकट मिळणाऱ्या लिनक्सवरच गेल्या.

आमच्याकडे घोडं अडतं ते फॉन्टवर. स्टाफरूममध्ये मी लिबरऑफिस लावून जुना पेपर उघडला तर 'खालील प्रश्नांची उत्तरे लिहा'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस! एका सरांनी लगेच निकाल दिला, "फुकटचं ते असंच". अहो, पेपर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत, नाहीच, तो इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेल्या जुन्या फॉन्टमधला, तो फॉन्ट नसेल तर तो वर्डमध्येसुद्धा असाच दिसणार. त्यांना हे काही पटलं नाही. मग मीच नववीचा भूगोल युनिकोडच्या इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर परत टाइप केला, एका पेपरला दीड तास गेला.

शिक्षण विभागाने दोनच गोष्टी कराव्यात, कॉम्प्युटर दान असो की खरेदी, बिलात लायसन्सची ओळ सक्तीची करा, आणि इतकी ट्रेनिंगं होतात त्यात एक दिवस युनिकोड टायपिंगला द्या. आमचे दहावीचे पेपर अजून जुन्या फॉन्टमध्येच पडलेत.

एक शिक्षिका,
पंचवटी, नाशिक