रक्त घेताना गोळ्याही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की इंदुरात घरोघरी ‘सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या’ सुरू होतं. रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी आपल्या मोबाइलवर येतो आणि त्यातला ठळक छापलेला एक आकडा घरादाराची झोप उडवतो.

आमच्याकडे हेच झालं. सौ.च्या पांढऱ्या पेशी १४,८०० निघाल्या. मोठ्या माणसांत साधारण ४,००० ते ११,००० असाव्यात. रात्री अकराला पुण्याहून चिरंजीवांचा फोन. सूनबाईंनी तोवर ब्लड कॅन्सरवर सगळं वाचून काढलेलं! सकाळी आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेण्याआधीच विचारलं, “काकू, दम्याची प्रेडनिसोलोन अजून चालू आहे ना?” रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी या स्टेरॉइडच्या गोळीमुळे सुटून प्रवाहात येतात आणि मोजणीत सापडतात. तरी त्यांनी नीट तपासलं. गोळ्यांचा कोर्स संपल्यावर पुन्हा मोजलं, तेव्हा आकडा ८,२०० होता.

शेजारच्या मुलाचं उलट. डेंग्यूत त्याचा काउंट २,६०० वर उतरला. विषाणूच्या तापात असं पुष्कळदा होतं. टायफॉइड तर जिवाणूचा, पण त्यातही काउंट पुष्कळदा वाढत नाही, उलट कमी येतो. जंत किंवा अ‍ॅलर्जी असली की इओसिनोफिल या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी तेवढ्या चढतात. म्हणून नुसती एकूण बेरीज बघून मेडिकलवरून अँटिबायोटिक आणणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळीच. थायरॉइड जास्त काम करत असेल तर कार्बिमॅझोल देतात. क्वचित एखाद्याचे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याने पार तळाला जातात. ५०० च्या खाली गेले तर साधं घशाचं दुखणंही जिवावर बेतू शकतं. ही गोळी घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा धरला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि काउंट करायचा. माझी धाकटी बहीण दोन वर्षं ही गोळी घेत होती. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

रक्त न्यायला येणारा मुलगा नाव, वय, उपाशी आहात का, एवढंच विचारतो. शहरातल्या पॅथॉलॉजीवाल्यांनी फॉर्मवर ‘चालू औषधं’ अशी एक ओळ वाढवावी आणि ती रिपोर्टवरही छापावी. शाईचा खर्च मोठा नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर