मॉर्मन चर्च सोडताना राजीनामा शेवटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मॉर्मन चर्च सोडणाऱ्या अमेरिकी तरुणांविषयी अधूनमधून वाचायला मिळते, ते बहुतेक श्रद्धा कशी डळमळली याबद्दल असते. श्रद्धा उडाल्यावर पुढे काय करायचे आणि कोणत्या क्रमाने, हे क्वचितच कुणी सांगते. खरे नुकसान तिथेच होते. 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे या चर्चचे पूर्ण नाव. ते १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाले आणि आज त्याचे मुख्यालय युटामधील सॉल्ट लेक सिटीत आहे. भाविक घरातला मुलगा आठव्या वर्षी बाप्तिस्मा घेतो. अठरा पूर्ण झाली की दोन वर्षे मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जातो, तेही महिन्याला ५०० डॉलर (२०२०पूर्वी ४००) स्वतःचे किंवा घरचे भरून. परत आल्यावर कॉलेज, खोली, नोकरी, होणारी बायको, सगळे त्याच वर्तुळातले. म्हणून पहिल्या उमाळ्यात राजीनाम्याचे पत्र धाडू नये. सगळ्यात सोपा भाग तोच आहे आणि तो शेवटीच करावा, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

मिशन चालू असतानाच मन उठले असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मिशनरी हा बिनपगारी स्वयंसेवक असतो आणि मुदत पुरी करण्याची त्याच्यावर कायद्याने सक्ती नाही. पण नेमून दिलेला दुसरा मिशनरी दिवसरात्र सोबत असल्याने पोरे घुसमटत राहतात. नेमणूक परदेशात असेल तर पासपोर्ट कुठे आहे ते आधी पाहावे. तो मिशनच्या कार्यालयात ठेवलेला असू शकतो, तसा असल्यास मागून घ्यावा. घरच्यांशी पूर्वी वर्षातून दोनदाच फोनवर बोलता येई, २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येते. त्या फोनवर आधी आईवडिलांना सांगावे, मग मिशन अध्यक्षांना. मुलाखतीत श्रद्धेवर वाद सुरू झाला की परतण्याची तारीख लांबते. 'मला घरी जायचे आहे, तिकीट कधीचे?' एवढेच धरून ठेवावे. मुदतीआधी परतलेल्याकडे वॉर्डातली, म्हणजे स्थानिक मंडळीतली, माणसे ज्या नजरेने पाहतात ती फार बोचते. आईवडिलांनी त्याला पहिल्याच रविवारी तिथे नेऊन बसवू नये, ही कळकळीची विनंती.

सर्वांत महाग चूक युटातील प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग या चर्चच्याच विद्यापीठात शिकणाऱ्यांकडून होते. तिथे शिकत राहण्यासाठी दरवर्षी बिशपची, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखाची, संमती लागते. इतर धर्मांचे विद्यार्थी जास्त फी भरून तिथे शिकू शकतात, पण मॉर्मन म्हणून दाखल झालेल्याने चर्च सोडले तर त्याला विद्यापीठही सोडावे लागते. पदवीला दोन महिने उरले असतील तरी ती हातची जाऊ शकते. कॅम्पसवरचे काम आणि विद्यापीठाच्या नियमांखालची खोलीही त्याच धाग्याला बांधलेली असते. तेव्हा आधी पदवी पुरी करावी किंवा दुसरीकडे प्रवेश पक्का करावा, अधिकृत गुणपत्रक तिकडे पोचल्याची खात्री करावी, मगच तोंड उघडावे. याला कुणी ढोंग म्हणेल. आम्हाला ते तसे वाटत नाही; एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने चार वर्षांची मेहनत आणि फी पाण्यात घालावी, असे कुठलाही प्रामाणिकपणा मागत नाही. चर्चच्या नोकरीत असलेल्यांचेही असेच आहे. तिथे टेम्पलचे, म्हणजे फक्त पात्र सदस्यांना खुल्या असलेल्या खास मंदिराचे, प्रवेशपत्र चालू असावे लागते, म्हणून दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय ते परत करू नये.

चर्चच्या ऑनलाइन खात्यातले कागद आधीच उतरवून घ्यावेत. दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग, भरल्याची वार्षिक विवरणपत्रे करासाठी लागतात. पॅट्रिआर्कने, म्हणजे आशीर्वाद देण्यासाठी नेमलेल्या चर्चच्या ज्येष्ठाने, दिलेल्या आशीर्वादाची प्रतही घ्यावी. आज नको वाटली तरी चाळिशीत हवीशी वाटते. बँकेतून परस्पर दशांश जात असेल तर तो थांबवावा. आधी भरलेले पैसे मात्र परत मिळण्याची आशा धरू नये. माजी सदस्य जेम्स हंट्समन यांनी भरलेल्या दशांशापैकी ५० लाख डॉलरसाठी चर्चवर दावा लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने तो एकमताने फेटाळला.

आता घर. चर्चने २०१३ ते २०१५ या काळात स्वतःच्याच संकेतस्थळावर काही निबंध प्रसिद्ध केले. संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या अनेक बायका, १९७८पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना नाकारलेले पुरोहितपद, हे सगळे त्यांत आहे. बाहेरच्यांचे लिखाण दाखवण्यापेक्षा हे दाखवणे बरे, पण तेही आईने विचारले तरच. पहिल्या दिवशी पुरावे मांडले की बोलणे तिथेच खुंटते. 'मी आता मानत नाही, तुमच्यावरची माया तशीच आहे' इतके पुरे. नवराबायकोंपैकी एकानेच सोडले असेल तर दोन प्रश्न लेखी ठरवावेत: दशांश कुणाच्या कमाईतून जाणार आणि मुलांचा आठव्या वर्षीचा बाप्तिस्मा करायचा की नाही. दशांश भाविक जोडीदाराच्या कमाईपुरता ठेवला की भांडण पुष्कळ कमी होते.

भावंडांच्या लग्नाचे दुःख वेगळेच. टेम्पलमध्ये प्रवेशपत्राशिवाय जाता येत नाही, त्यामुळे सख्खा भाऊ बाहेर बाकावर बसून राहतो. आधी नागरी पद्धतीने लग्न केले तर टेम्पलमधल्या विधीसाठी अमेरिकेत एक वर्ष थांबावे लागे. मे २०१९ मध्ये ही अट गेली. आता सर्वांसमोर लग्न लावून मग टेम्पलमध्ये जाता येते. तेव्हा हे हक्काने मागावे, पण पत्रिका छापायच्या आधी.

एक गोष्ट लाजेपायी कुणी बोलत नाही. चर्चच्या बंदीमुळे चहा, कॉफी, दारू, तंबाखू काहीच न शिवलेला माणूस पंचविशीत पहिल्यांदा पितो, तेव्हा त्याला मापच ठाऊक नसते. अमेरिकी मापाने एक पेय म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल: ५ टक्क्यांची बिअर ३५५ मिली, १२ टक्क्यांची वाइन १४८ मिली किंवा ४० टक्क्यांची कडक दारू ४४ मिली. गोड कॉकटेलच्या एका ग्लासात अशी दोन-तीन पेये सहज असतात. प्यायचेच असेल तर सोबत जाणते माणूस असावे आणि गाडीची किल्ली घरी ठेवावी.

हे सगळे मार्गी लागले की राजीनामा. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, सदस्यक्रमांक आणि सही, इतके पत्रात हवे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीने माहेरचे नावही द्यावे. नोंद न सापडल्याने पत्र अडकते ते बहुधा इथेच. पत्र बिशपकडे द्यायचे, तो ते स्टेकच्या, म्हणजे अनेक वॉर्डांच्या गटाच्या, अध्यक्षांकडे पाठवतो, तिथून मुख्यालयाकडे. बिशपची भेट नको असेल तर सही नोटरी करून थेट मुख्यालयाला पाठवता येते. अल्पवयीन मुलांसाठी ताबा असलेल्या पालकांच्या सह्या लागतात. राजीनाम्याने बाप्तिस्मा, पुरोहितपद आणि टेम्पलमधले 'सीलिंग', म्हणजे कुटुंबाला कायमचे जोडणारा विधी, रद्द होते; कायदेशीर लग्नाला धक्का लागत नाही.

'हे पत्र मिळताच माझे सदस्यत्व संपले, घरी कुणी येऊ नये' हे वाक्य पत्रात जरूर घालावे. ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, दुसऱ्या एका चर्चच्या खटल्यात, सदस्यत्व सोडल्यानंतर चर्चने केलेल्या शिस्तभंगाच्या कारवाईला धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण दिले नाही. पत्राची प्रत ठेवावी आणि ते पोचल्याची तारीख नोंदवावी ती यासाठी. मुख्यालयाकडून पुष्टीपत्र येते, तेही जपावे. घर बदलल्यावर नव्या वॉर्डातले कुणी यादीत नाव आहे म्हणून दाराशी आले, तर दाखवायला तेच लागते.

आपला,
एक वाचक