कांगण्यांची दुसरी वेल

फोंडा,
25 ऑगस्ट 2026

प्रिय वासू,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच "जाऊ दे रे" म्हणतोस, आणि मला हे जाऊ द्यायचं नाही. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे कुरकुरतात पण चढतात. झालं.

गुरुदासशी वाजलंय. जमिनीवरून नव्हे, घाबरू नकोस. माटोळीवरून, चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगून जी बांधतो तिच्यावरून. घरात माझी बाजू घेणारे आहेत, पण मी काय म्हणतोय ते कळणारं कुणी नाही, म्हणून तुला ठाण्याला पत्र.

यंदा त्याच्या डोक्यात सरकारी माटोळी स्पर्धा शिरलीय. कुणाच्या तरी मोबाईलवर गेल्या वर्षीच्या माटोळ्यांचे फोटो पाहिले: सुपाऱ्यांचा मोर, भेंड्यांची पिसं, वर तोरिंगाचा सूर्य. तेव्हापासून माणूस जमिनीवर नाही. वहीत दोनशे जिन्नसांची यादी केलीय. देवाच्या डोक्यावर कूर्मावतार करायचा, पाठीला करमळ आणि डोळ्यांना लालभडक कवंडळं. मी म्हटलं, "कासवाचे डोळे आले आहेत, डॉक्टरकडे ने." तो हसला नाही. "दादा, औंदू नंबर मारपाचो," म्हणाला, आणि रानातल्या सामानाची अर्धी यादी माझ्या हातात दिली. कारण काय, तर डोंगर मला ठाऊक.

आईच्या वेळी माटोळीला काय असायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं आठवेल, चिबडावर डोळा ठेवून तूच खाली बसायचास. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, केळीचा घड, तवशी, चिबूड, तोरिंग, निरफणस, आंबाडे. आंब्याचे टाळ. आणि मग रानातलं त्या वर्षी जे मिळेल ते, केवणीच्या सालीने बांधलेलं. कधी फागलां भरपूर, कधी नागकुड्याची जोडफळं चारच. कमी आलं तर कुणी रडत नसे. बाबा देवाला गाऱ्हाणं घालताना म्हणायचे, "औंदू डोंगरान इतलेंच दिलें." माझ्या मते माटोळी म्हणजे तेवढंच. त्या साली डोंगरात आणि कुळागरात काय होतं, ते देवाच्या डोक्यावर टांगून दाखवायचं. दोनशे जिन्नस मिळवायचेच असं ठरवून निघालास की मग ती डोंगराची राहात नाही, यादीची होते.

बरं, यंदा अधिक ज्येष्ठामुळे चवथ थेट 14 सप्टेंबरला. तय, म्हणजे आदला दिवस, 13 ला, रविवारी. म्हणजे चिबूड संपत आलेले, तेरडा उतरणीला लागलेला. उलट घागऱ्या सुकून खुळखुळायला लागतील आणि कांगणे पिकून फुटतील, आतलं लाल बी दिसेल. उशिराची चवथ कांगण्यांची, असं आपल्याला रानात फिरवणारा जानू म्हणायचा. जानू गेला तेव्हा तू आला नाहीस. त्याबद्दल मी कधी बोललो नाही, आताही बोलत नाही.

तर परवाच्या आयतारी हिची पूजा आटोपल्यावर मी आणि लेक मीनू सावईवेऱ्याला घरी गेलो आणि तिथून देवळामागच्या चढाने वर. मीनू आता वनस्पतीशास्त्राला आहे, म्हणजे प्रत्येक झाडापाशी थांबते आणि मला त्याचं लॅटिन नाव सांगून माझ्या तोंडाकडे बघते. शेरवड खूप होती. ते पांढरं दिसतं ते पान की फूल, यावर तू आणि मी एकदा गोटे हाणेपर्यंत आलो होतो, आठवतं? तर ती म्हणते दोन्ही नव्हे. फुलाच्या बुडाशी असतं ते निदल, त्यातलंच एक वाढून पानाएवढं होतं. खरं फूल ते मधलं नारिंगी, नखाएवढं. म्हणजे आपण दोघंही हरलो. माझ्या कपाळावरची खूण मात्र फुकट गेली.

सड्यावर सीतेची आसवं निळी पसरली होती. मी उगीच उभा राहिलो बराच वेळ. पाऊस थांबलेला, खाली कुळागरात पाटाचं पाणी ऐकू येत होतं.

पुढे कांगण्यांची वेल. आपली, मोठ्या आंब्यावर चढलेली, जिच्या फांदीवरून तू पडलास आणि काकीला सांगितलंस मी ढकललं. ती नाही, वासू. बुंध्याशी कोयत्याने साफ कापलेली. वरचा भाग आंब्यावरच वाळून लोंबतोय. कुणी दुष्टपणाने केलं नाही. चढावर आता काजूची लागवड आहे, फेब्रुवारीत बोंडं पडायच्या आधी खालचं रान सगळं साफ करतात, तेव्हा वेली पहिल्या जातात. त्यांना कांगणे काय आणि काटेरी झुडूप काय. वेल मनगटाएवढी जाड होती. तेवढी व्हायला किती वर्षं लागली असतील ते मीनूने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

परत येताना तीन पोरगे भेटले, गोणी घेऊन. आपल्या गावचे नव्हेत. गोणीत कळलावी. नुसती फुलं नाहीत, मुळासकट उपटलेली, खाली नांगराच्या फाळासारखे कंद लोंबताहेत. मीनू त्यांना म्हणाली, कंद विषारी असतो, हात धुवा, आणि कंद नेलात तर पुढच्या वर्षी इथे काय येणार? एक जण म्हणाला, "आमी बाजारांत वांटे लायतात, बाय." म्हणजे फोंड्याच्या रस्त्याकडेला चवथीच्या आधी जे वाटे मांडून बसतात, ज्यांच्याकडून आपण सगळे सुटकेचा श्वास टाकत घेतो, ते हेच. पोरांवर मला रागावता आलं नाही. पायात धड चपला नव्हत्या.

रात्री जेवताना मी हे सांगितलं, तर गुरुदास म्हणतो, "मग बाजारातून आणू. पैसे मी देतो." अरे, बाजारातलं येतं कुठून? तिकडे मीनू म्हणते, यंदा रानातलं काहीच नको, कुळागरातलं तेवढं टांगा. त्यावर काकी (हो, ती अजून खणखणीत आहे, कान तेवढे गेलेत, पण नको ते ऐकू येतं) म्हणाली, "केळी, नारळ आणि तवशी? मग देवाला मार्केटातच बसवा, नेवऱ्या मी तिथे घेऊन येते." सगळे हसले, मीनू सोडून. ती उठून गेली.

आणि मला दोन्ही पटतं, हा माझा घोळ. जानूबरोबर फिरलेला माणूस मीनूला चूक म्हणू शकत नाही. वेलीला हात घालायचा तो देठापुरता, ओढायचं नाही, आणि अर्धं झाडावर ठेवायचं, ही त्याची शिस्त. तू ओढलंस म्हणून त्याने तुला पाणंदीपर्यंत शिव्या दिल्या होत्या. पण काहीच आणायचं नाही असं ठरवलं, तर दहा वर्षांनी मीनूच्या पोरांना डोंगर चढायला कारणच काय उरेल? कांगणे ओळखणारं कुणी असतं, तर काजूवाल्याच्या गड्याने त्या वेलीवर कोयता घालायच्या आधी कुणीतरी ओरडलं असतं. हे मीनूला सांगितलं. म्हणाली, "बाबा, हे तुम्ही स्वतःला पटवताय." पोरीचं तोंड आमच्या आईवर गेलंय.

ही मात्र या सगळ्यात शांत. हिच्या जाया, म्हणजे जाई, बहरल्यात. कलम मार्दोळची, म्हाळसेला जायांची पूजा बांधतात तिथली, म्हणून तोरा वेगळा. तिन्हीसांजेला कळ्या काढते, दारात बसून वळेसर करते, एक देवाला, एक स्वतःला, आणि एक काकीच्या उशाशी. काकी आता केसांत माळत नाही, पण वास घेत झोपते. काल भांडण ऐकून ही म्हणाली, "तुमच्या माटोळीला धड वाससुद्धा नसतो." मी केवड्याची आठवण करून दिली तर म्हणते, तो कुठे आणलात गेल्या कित्येक वर्षांत?

आणि केवडा म्हटल्यावर मला तू आठवलास.

आता खरं सांग. दरवर्षी तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त कांगणे असायचे. विचारलं की म्हणायचास, "दुसरी वेल आहे," आणि जागा कधी सांगितली नाहीस. मी तुझ्यामागे यायला लागलो की केवड्याच्या ओहोळाशी तुला नेमका साप दिसायचा. एवढा मोठा, पिवळा, फणा काढलेला. मी मागे फिरायचो, तू थोड्या वेळाने टोपली भरून यायचास. इतकी वर्षं मला वाटत होतं केवड्यात साप असतोच. परवा त्या कापलेल्या बुंध्याशी उभा असताना एकदम लक्षात आलं. हरामखोरा, साप नव्हताच ना?

मला ती जागा हवीय. ओहोळाच्या पलीकडे चढ खडा आहे, तिथे काजू लावलेला नाही, म्हणजे वेल असू शकेल. गुरुदासला सांगणार नाही, शपथ. मीनूला सांगेन. तिला बीसाठी एक घोस हवाय, कुळागराच्या कडेला लावून बघणार आहे, आणि दुसरा घोस माटोळीला. कासवाचं काय ते गुरुदास भेंड्या-वांग्यांतून बघून घेईल. स्पर्धेचा अर्ज तो भरणारच, मी अडवलेला नाही.

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? चिन्मयची नोकरी टिकली ना? वहिनींना सांग, आंबाडे ठेवलेत, उड्डमेथीचे. तुझ्या सोसायटीच्या गच्चीचं प्रकरण मागच्या वेळी अर्धंच सांगितलंस, तो सेक्रेटरी अजून आहे?

कागदावर ओहोळ, केवडा आणि वेल एवढं काढ आणि फोटो पाठव. तुझं चित्र कळणार नाही हे उघड आहे, म्हणून उत्तम म्हणजे स्वतः ये. कोकणकन्येने करमळीला उतर, मी गाडी घेऊन येतो. शनिवारी 12 ला पोचलास तर तयेच्या आधी वर जाता येईल.

तुझा,
सदा

ता. क. काकी विचारते, तू पडलास तेव्हा खरंच मी ढकललं होतं का. तिला अजून शंका आहे. येशील तेव्हा तिच्या कानाशी मोठ्याने सांग.