चिंध्या टाकू नकोस, आई

रत्नागिरी

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू तुझ्या पद्धतीने सांगतेस, म्हणून लिहिते. तुमची नात सोमवारच्या एसटीने वेंगुर्ल्याला येतेय. फॅशन डिझाइनच्या प्रवेशासाठी तिला पोर्टफोलिओ करायचाय, म्हणजे स्वतःच्या कामाची वही म्हण. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेच्या पदवीला तो लागत नाही. तिथे चित्रकलेचा पेपर असतो आणि पुढे दिलेल्या सामानातून ठरल्या वेळात वस्तू करून दाखवायची. पण ती ज्या खासगी कॉलेजांचे फॉर्म भरतेय, तिथे मुलाखतीला हीच वही उघडून बसतात.

आत्तापर्यंत तिने नुसते गाऊन काढलेत, मोबाइलवर बघून. छान आहेत, पण कुणाचेही असावेत असे. फॅशनच्या चित्रात बाई डोक्याच्या नऊपट उंच काढतात, खरं माणूस साडेसातपट भरतं. त्यामुळे तिच्या सगळ्या बायका माडासारख्या वाढल्यात. मी म्हटलं, आधी बसलेली, वाकलेली, घामेजलेली माणसं काढ. तर आई, तिला सकाळी बंदरावर ने. नऊवारीतल्या म्हाताऱ्या मासे विकायला बसतात तोवर कासोटा कुठून फिरतो, कुठे खोचतात, हे जवळून बघू दे. त्यांना आधी विचारायला मात्र सांग, नाहीतर शिव्या खाईल आणि त्या तिला कळायच्याही नाहीत.

बाबा, मोठं काम तुमच्याकडे आहे. तिला जाळं विणायला शिकवा. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, लहान-मोठं करायला पट्टी कशी बदलता, गाठ सरकू नये म्हणून दोरा कसा आवळता, ते हाताने दाखवा. सुती दोऱ्यात तिला तसाच वीतभर तुकडा विणायचाय, पुढे त्याची बाही करायचा विचार आहे. नायलॉन यायच्या आधी सुती जाळी कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचे, असं तुम्ही सांगायचात. त्याच काढ्यात तिला कापड रंगवू द्या. सालीतल्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की रंग काळपट होतो, म्हणून एकदा स्टीलच्या पातेल्यात आणि एकदा लोखंडी कढईत करून बघू दे. साल किती, पाणी किती, किती वेळ उकळलं, हे प्रत्येक तुकड्याशेजारी लिहायचं.

आता आई, तुझं. रंग बिघडलेला कपडा, उसवलेली शिवण, खोडाखोडीचा कागद, काही म्हणजे काही टाकू नकोस. मुलाखतीत तयार कपड्याइतकंच तो कसा सुचला, कुठे अडला, हे विचारतात. बिघडलेलं सगळं तू चुलीत घातलंस तर ती दाखवणार काय? आणि कुणा ड्रॉइंगच्या सरांना तिची चित्रं सुधारायला देऊ नकोस. सुधारलेल्या चित्रात हात सरांचा दिसतो.

सावंतवाडीला गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, बघायला जरूर न्या. दशावतारी संच १२० गोल पानांचा, डोळे भरून बघावा असा. पण त्यावरचे मत्स्य-कूर्म उचलून कुर्त्यावर छापू नको म्हणावं. सिंधुदुर्गाचं नाव ऐकलं की समोरच्याला तेच अपेक्षित असतं.

मशीनला तेल घालून ठेव. पट्टा सैल झाला असेल तर बदलून घे, पैसे पाठवते.

तुमची लेक

ता. क. बाबा, कामाचे फोटो सकाळी पडवीत काढायला सांगा, खाली पांढरी चादर घालून. दुपारच्या उन्हात सालीचा तांबूस रंग पार उडालेला दिसतो.